सत्त्याण्णवावं घर

सोमवार, ३ जानेवारी

ताई,

मायना काय घालावा यात बराच वेळ गेला, म्हणून गाळूनच टाकला. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. एवढंच विचारायचं होतं की आपल्या घरात साखर कुणाला होती? बाबांना होती का? की आईला?

मला डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ऑफिसात सगळ्यांची तपासणी ठेवली होती. माझा कागद त्यांनी वरून खाली वाचला, मग परत वर गेल्या.

"काय काम करता?"

"पाणी खात्यात आहे. मीटर रीडर."

"म्हणजे पायपिटीचं काम. मग वजन एवढं कसं?"

आता मीटर आपले आपण आकडे पाठवतात, याला दोन वर्षं झाली, हे त्यांना माहीत नव्हतं. तुझ्याकडेही नवं मीटर बसलंच असेल. बावीस वर्षं मी रोज शंभर-सव्वाशे घरं पायी केली, आणि मग एका सोमवारी आम्हा सगळ्यांना एकेक खुर्ची आणि एकेक कॉम्प्युटर दिला. खुर्ची चांगली आहे, गोल फिरते. तेवढीच काय ती फिरती उरली.

"घरात कुणाला साखर आहे?"

"विचारून सांगतो."

"कुणाला विचारणार?"

"थोरली बहीण आहे."

"मग लावा ना फोन, मी थांबते."

मी म्हटलं, पत्र टाकतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

उपाशीपोटी एकशे अडुसष्ट आली. गोळी अर्धीच दिली आहे, बाकी चालायला सांगितलं आहे. सकाळी उठून मैदानाला फेऱ्या घालणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तर म्हणाल्या, "सकाळी कशाला? बसता दिवसभर, तर चालायचंही दिवसाच. दर तासाला खुर्चीवरून उठा. आणि दुपारी डबा झाला की टेबलावर डोकं टेकायचं नाही, रस्त्यावर उतरायचं." मी टेबलावर डोकं टेकतो हे त्यांना टॉर्चनंच सांगितलं असणार. टॉर्च म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. तोही जुना रीडर. भर दुपारच्या उन्हातही हातात टॉर्च घेऊन घरोघर फिरायचा, ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

साखरेचं तेवढं कळव. दोन ओळी पुरेत.

तुझा भाऊ


बुधवार, १२ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

चालायला सुरुवात केली आहे. आमची सुट्टी एक ते एक चाळीस. डब्याला सहा मिनिटं लागतात, मला कधीच जास्त लागली नाहीत. टॉर्च म्हणाला, "समोर बाग आहे, तिथं फेऱ्या मारू." मी म्हटलं, बागेत माणूस नुसता गोल फिरतो, पोचत कुठेच नाही. "मग कुठं पोचायचंय तुला?" म्हणून विचारायला लागला. ऑफिसच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलो आणि पाय आपोआप डावीकडे वळले, जुन्या बीटवर.

बीट म्हणजे प्रत्येक रीडरला नेमून दिलेली घरांची ओळ, हे तुला माहीत आहे. माझी ऑफिसच्या भिंतीपासूनच सुरू होते. ती पुढे कुठे जाते तेही तुला माहीत आहे. तिथवर जायचा विचार नाही. डॉक्टरीणबाईंनी तेवढं सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी नवव्या घरापर्यंत गेलो आणि दम लागला. ताई, नऊ घरं. पूर्वी नऊ घरं होईतो माझी पेन्सिलही कोमट व्हायची नाही. टॉर्च भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्याला खुर्चीत बसवलं नाही रे, भिजत घातलं." चौथ्या घरातला कुत्रा म्हातारा झाला आहे. मला बघून त्यानं एकदाच भुंकून घेतलं, जुनी ओळख म्हणून. सातव्या घरातल्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

"अजून पाणी मोजताय का?" म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं, "आता साखर."

त्यांना दहा मिनिटं साखरेवर बोलता आलं. त्यांच्या मिस्टरांना आहे, दिरांना आहे, आणि सगळ्यांनी काय सोडलं याची यादी त्यांना पाठ आहे. परतायला उशीर झाला. आमच्या मॅडम, वयानं माझ्या निम्म्या असतील, घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "काका, एक त्रेचाळीस." तीन मिनिटांवरून कुणी बोलावं याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही घड्याळावरच जगलेला माणूस आहे.

हिला तू परवा बाजारात भेटलीस असं कळलं. भाजी घेता घेता बराच वेळ बोललात म्हणे. माझं पत्र आलं का ते हिनं विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. असो.

तुझा भाऊ


मंगळवार, २५ जानेवारी

ताई,

आज एकतिसावं घर झालं. एकतिसाव्याच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे. आधीची दोन्ही पत्रं ऑफिसच्या टपालात घातली होती, हे मी स्वतः नेऊन टाकणार आहे. पेटीपर्यंत जायला आता एक निमित्त झालं आहे. तू उत्तर दे न दे, माझ्या पायांचं काम होतं.

नवे बूट घेतले. गुडघा पहिले आठ दिवस कुरकुरला, आता गप्प आहे. रात्री झोप लागते, आणि दुपारी तीनला डोळ्यांवर जी झापड यायची ती येत नाही. दर तासाला उठायचं म्हणून मी पाण्याची बाटली भरून ठेवणंच बंद केलं. तहान लागली की खालच्या मजल्यावर उतरायचं, एक पेला प्यायचा, जिन्यानं वर यायचं. पाणी खात्याच्या माणसानं पाण्यासाठी पायपीट करायची, यावर टॉर्चनं दोन दिवस विनोद केले. तिसऱ्या दिवसापासून तोही खाली यायला लागला.

एक सांगून टाकतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्याकडे नवं मीटर बसलंच असेल. 'असेल' कशाला, मला माहीत आहे. माझं काम आता तेच आहे. कुठल्या घराचं पाणी अचानक वाढलं, कुठं गळती दिसते, ते स्क्रीनवर बघायचं आणि खूण करायची. तुझी गल्ली माझ्या वाट्याला नाही, टॉर्चच्या वाट्याला आहे. तरी मी सकाळी आलो की आधी ती उघडतो. तू सहा दहाला उठतेस. रविवारीसुद्धा. साडेसहाला एक बादली, अकराला धुणं, आणि चार वाजता थोडंसं, म्हणजे झाडांना. दोन वर्षं मी हे बघतो आहे. टॉर्चला माहीत आहे, पण त्यानं कधी विषय काढला नाही, आणि टॉर्चसारख्या माणसानं विषय न काढणं म्हणजे त्याच्या जिवावरच येत असेल.

हे बरं नाही, हे मला कळतं. कुणाच्या घरातलं असं बघू नये. बघितलं, म्हणून सांगितलं.

तुझा भाऊ


शुक्रवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझा नळ आता नीट झाला असेल.

हे मला कसं कळलं ते सांगतो, म्हणजे तुला तर्क करत बसायला नको. बुधवारी सकाळी मी तुझी ओळ उघडली तर सहा दहाला काही नाही. साडेसहाला नाही. अकराला नाही. स्क्रीनवर नुसती सपाट रेघ. म्हटलं, गावाला गेली असेल. पण गावाला जायच्या आदल्या दिवशी तू झाडांना दुप्पट पाणी घालतेस, आणि मंगळवारी तर नेहमीइतकंच होतं. गुरुवारी सकाळीही रेघ सपाट. मी टॉर्चला म्हटलं, जरा बघ रे, तुझ्या गल्लीत मीटर बंद पडलंय का. त्यानं बघितलं. "मीटर जिवंत आहे," म्हणाला, आणि मग जीभ चावली.

हिला फोन करायला सांगता आलं असतं. हिचं तुझ्याशी बोलणं आहेच. फोन हातात घेतलाही होता. पण एकचा ठोका पडला आणि मी डबा न उघडताच निघालो. टॉर्च मागून ओरडला, "अरे, हळू, शर्यत आहे का?" एकतिसावं घर कधी गेलं कळलं नाही. बावन्नाव्याला टॉर्च थांबला, म्हणाला, तू हो पुढे, मी इथंच सावलीत उभा राहून तुझं भलं चिंततो. मी मागच्या गल्लीनं तसाच पुढे. आणि एक वाजून सोळा मिनिटांनी तुझ्या परसाच्या भिंतीशी होतो.

पलीकडून तुझा आवाज आला. "म्हणजे काल येतो म्हणून आज आलात, आणि आता वायसर नाही म्हणून उद्या येणार? मी काय पिंपातलं पाणी वाटीवाटीनं वापरत बसू?" प्लंबर काहीतरी पुटपुटला. तू म्हणालीस, "मला कारण नको, वायसर हवाय."

ताई, मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. मुख्य कॉक बंद करून ठेवला होतास, एवढंच होतं ते.

हाक मारली नाही. एक वीस झाले होते, आणि मला परतायचं होतं. खरं कारण ते नव्हतं, हे तुलाही कळेल. परतताना टॉर्च बावन्नाव्या घराच्या पायरीवर बसलेला होता, माझा डबा मांडीवर घेऊन. तो घेऊनच माझ्यामागे निघाला होता, मला पत्ताच नव्हता. "काय?" म्हणाला. मी म्हटलं, "वायसर." "बरं झालं," म्हणाला. आम्ही पायरीवर बसून पाच मिनिटांत जेवलो. बऱ्याच दिवसांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं, आणि त्यात साखर नव्हती.

तेव्हा सत्त्याण्णवावं घर सोळा मिनिटांवर आहे. मला वाटलं होतं लांब असेल.

तुझा भाऊ


सोमवार, २१ फेब्रुवारी

ताई,

साखर एकशे एकतीसवर आली आहे. डॉक्टरीणबाई खूश आहेत. "बहिणीचं उत्तर आलं का?" असंही विचारलं. म्हणजे त्या दिवशी कागदावर लिहिलं होतं ते तेच.

आज जे लिहायचं आहे ते मी चालता चालता आठ दिवस मनात लिहितो आहे. टॉर्चला वाटतं मी पाढे म्हणतो.

एका घराला चार मिनिटं, हा आमचा हिशोब होता. मागच्या दारानं आत यायचं, 'मीटर' म्हणून हाक द्यायची, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा, पुढे. भावोजी गेल्यावर तू आईला तुझ्याकडे आणलंस, आणि तुझं घर माझ्या बीटवर होतं. सगळे म्हणायचे, किती छान, महिन्याला भाऊ येऊन बघून जातो. मी यायचो तो परसातून. आकडा लिहायचो, मग खिडकीतून आईला विचारायचो, "ठीक ना?" ती म्हणायची, "ठीक." चार मिनिटं.

त्या दिवशी तू शेजारणीसमोर म्हणालीस, "हा आईला नाही बघत, आईचं मीटर बघतो. बोलतानाही नजर घड्याळावर." शेजारीण हसली. ते हसणं मला लागलं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. हसणं नव्हतं लागलं. तू बोललीस ते जसंच्या तसं खरं होतं, आणि ते तुलाही दिसतंय हे लागलं.

पुढच्या महिन्यात मी आलो तेव्हा तुझं मागचं दार लोटलेलं होतं. कडी नव्हती. मी ढकललं नाही. चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, कागद फाडला आणि दाराच्या फटीत घातला. 'मागील दार बंद आढळले. पुन्हा येऊ.' आकडा मागच्या महिन्याचा धरून लिहिला. आई तेव्हा आत होती. तीन आठवड्यांनी ती गेली. मी आलो, चार माणसांच्या मागे उभा राहिलो आणि तसाच निघून गेलो.

त्यानंतर सात वर्षं, नवी मीटर लागेपर्यंत, दर महिन्याला एक चिठ्ठी. तीनदा दार बंद असलं की वरच्या ऑफिसला कळवायचा नियम होता. मी कळवलं नाही. तू तक्रार करशील याची वाट बघत होतो. तू केली नाहीस. मला वाटायचं, मी तुला इतका नकोसा झालोय की तक्रारीतही माझं नाव घ्यावंसं वाटत नाही. दर महिन्याला मी त्या दाराशी अर्धं मिनिट उभा राहायचो. चार मिनिटांतली साडेतीन कुठे घालवायची कळायचं नाही.

गुरुवारी मी येतो. नऊ वर्षांची तयारी नसली तरी साडेसहा आठवड्यांची आहे, आणि पाय आता ऐकतात. एक वाजून सोळा, फार तर अठरा. आत घेतलंस तर दहा मिनिटं बसेन, नाही घेतलंस तर चालणं झालं असं समजेन. मला सांग काय वाटेल ते, मी उत्तर देणार नाही.

तुझा भाऊ


गुरुवार, २४ फेब्रुवारी, दुपारी दोन

ताई,

येऊन गेलो.

मागचं दार बंद होतं. या वेळी खरंच बंद, कुलूप घातलेलं. कडी दोनदा वाजवली, मोठ्यानं नाही. एकदा 'ताई' म्हटलं, तेही मोठ्यानं नाही. सहा मिनिटं थांबलो. परसात तुझी झाडं छान आली आहेत, भिंतीवरून दिसली.

मग काय झालं मला, कोण जाणे. जुनं पॅड अजून माझ्या पिशवीत असतं. हातानंच काढलं, फाडलं आणि फटीत घातलं. घातल्यावर वाचलं आणि हसू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यातलं वाक्य खरं होतं.

मला वाईट वाटलं हे नाकबूल करत नाही. पण राग नाही. जे मी इतक्या वेळा केलं ते तू एकदा केलंस. टॉर्च आज माझ्याबरोबर थेट ऐंशीव्या घरापर्यंत आला होता. परतताना म्हणाला, "उद्याही चालायचंय ना?" मी म्हटलं, "चालायचंय की. डॉक्टरांनी सांगितलंय." पत्रं मात्र आता थांबवतो, तुला त्रास नको.

तुझा भाऊ


गुरुवार, संध्याकाळ

भिंगऱ्या,

तू जन्मजात ठोंब्या आहेस आणि त्याला औषध नाही.

एकपासून मी पुढच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी. पुसून घेतली होती. चहा गाळून ठेवला होता, बिनसाखरेचा. दीड वाजला, पावणेदोन झाले. दोन वाजता मी चहा ओतून दिला आणि तुला काय काय बोलले ते शेजारणीनं ऐकलं. या वेळी ती हसली नाही. संध्याकाळी धुणं काढायला मागं गेले तर फटीत चिठ्ठी. 'मागील दार बंद आढळले.' अरे, ते बंदच असणार. नवं मीटर पुढच्या भिंतीवर आहे, दोन वर्षांत मागून कोण येतंय? बहिणीकडे पाहुणा म्हणून यायचं तर माणूस पुढच्या दारानं येतो, हे तुला कोणी शिकवलंच नाही का? बरोबर, नसेल शिकवलं. तू माझ्या घरी पुढच्या दारानं आजवर एकदाही आलेला नाहीस. आई गेली त्या दिवशीसुद्धा परसातूनच आलास.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. साखर आईला होती, शेवटची सहा वर्षं. बाबांना नव्हती. पहिल्याच पत्राला लिहिणार होते. पण तू दोन ओळी मागितल्या होत्यास, आणि मला दोन ओळींत लिहायचं नव्हतं. मग पत्रं येत राहिली. मला वाटलं, उत्तर दिलं तर हा म्हणेल काम झालं, आणि बंद करेल.

वायसरच्या दिवशी तुझं टक्कल भिंतीवरून दिसत होतं. मी प्लंबरला जरा जास्तच झापलं, तेवढा वेळ तरी थांबशील म्हणून.

चिठ्ठ्या चौऱ्याऐंशी आहेत, आजची धरून पंच्याऐंशी. कापडी पिशवीत ठेवल्या आहेत. तक्रार का केली नाही म्हणून विचारतोस. तक्रार केली असती तर खात्यानं तुझ्याजागी दुसरा माणूस पाठवला असता. एवढंही कळत नाही? तुझी पावलं गल्लीतून यायची, दाराशी थांबायची, कागद सरकल्याचा आवाज यायचा, आणि जायची. मी स्वयंपाकघरात असायचे. तेवढं महिन्यातून एकदा होतं, ते कशाला घालवू?

आणि पहिल्या चिठ्ठीचं ऐक. आईनं पावलं ओळखली. म्हणाली, "भिंगऱ्या आला वाटतं." मी म्हटलं, "आला होता गं. घाईत होता." ती हसली. म्हणाली, "लहानपणापासून तसाच. जेवतानाही एक पाय दाराकडे." त्या दिवशी जेवली चांगली. तुला हे नऊ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मीही लोटलेलं दार उघडून बाहेर आले नाही. माझंही धर त्यात.

शेजारणीसमोर बोलले ते चुकलं. बोलले ते खरं होतं, पण तिच्यासमोर नको होतं.

हे पत्र टपालात टाकत नाही, सकाळी स्वतः आणून देते. मलाही चालायला सांगितलं आहे, गुडघ्यासाठी. उद्या ये. पुढच्या दारानं.

ताई


सोमवार, २८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शुक्रवारी टॉर्चनं आणून दिलं. चौकशीच्या खिडकीशी तो उगाच उभा होता. "एक बाई देऊन गेल्या," म्हणाला. "वरती बोलावू का विचारलं, तर म्हणाल्या, कामाच्या वेळी नको, मी एकवीस मिनिटं चालत आले तसा तो सोळा मिनिटं चालत येईल. नाक हुबेहूब तुझं." मी पत्र तिथंच जिन्यात उभ्यानं वाचलं. टॉर्च दोन पायऱ्या खाली उभा राहून भिंतीकडे बघत होता. त्यानं एकदा टॉर्च लावलासुद्धा. जिन्यात अंधार नव्हता.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहायची सवय लागली आहे. पुढच्या रस्त्यानं आलो. ताई, तो रस्ता मला अनोळखी आहे. बावीस वर्षं ती घरं मी पाठीमागून बघितली. कुणाच्या परसात काय वाळत असतं ते माहीत होतं, पुढं कुणी कुठला रंग लावलाय हे नाही. तुझं दार निळं आहे हे शुक्रवारी कळलं. दोनदा पुढे जाऊन परत आलो.

तू खुर्चीतून उठली नाहीस. वर बघितलंस आणि म्हणालीस, "आधी घड्याळ काढ."

मी काढलं. तू हात पुढे केलास, ते घेतलंस आणि कपाटात, आईच्या फोटोमागं ठेवून दिलंस. मग काय बोललो, किती बोललो, मला नीट आठवत नाही. मीटरबद्दल काही बोललो नाही, एवढं आठवतं. निघताना तू म्हणालीस, अर्ध्यापर्यंत येते सोडायला, आणि अठ्ठेचाळिसाव्या घरापर्यंत आलीस. आपल्यामागं सातव्या घरातल्या बाई कुठून आल्या आणि साखरेवर बोलायला कधी लागल्या ते मात्र समजलं नाही. बोलता बोलता चाळिसाव्या घरापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि मग म्हणाल्या, "अगं बाई, मी दुकानात निघाले होते."

ऑफिसात पोचलो तेव्हा दोन वाजून बावीस झाले होते. मॅडम दारातच होत्या. मी मनगट वर केलं, तिथं काही नव्हतं. टॉर्च म्हणाला, "मॅडम, ते जुन्या बीटवर गेले होते. एक रीडिंग बऱ्याच वर्षांचं राहिलं होतं." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, नव्या बुटांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "झालं का पूर्ण?" मी म्हटलं, "सुरू केलंय." संध्याकाळी बेचाळीस मिनिटं जास्त बसून काम भरून काढलं. मध्ये पाणी प्यायला दोनदा खाली उतरलो.

आता मुद्द्याचं. घड्याळ तुझ्याकडेच राहिलं आहे. इथं आणून देऊ नकोस, हिच्याबरोबर पाठवू नकोस. रोज एक वाजता भिंतीवरचं दिसतं, तेवढ्यानं भागतं. सोळा मिनिटं आता पायांनाच कळतात.

गुरुवारी टॉर्चही येणार आहे. सत्त्याण्णव घरं एका दमात करून दाखवतो म्हणाला आहे. त्याचा चहाही बिनसाखरेचाच कर, कुरकुरला तरी. त्याला अजून तपासणीचा कागद उघडायचा धीर झालेला नाही. तू विचार. तुला तो सांगेल.

भिंगऱ्या